मापाडी

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."
हे वाक्य सकाळपासून एकोणीस वेळा ऐकलं.
मी मोजतो. सवय आहे.
थंडर बेच्या धक्क्यावर एकतीस वर्षं
गव्हाच्या वाघिणी काट्यावर घेतल्या,
प्रत्येक पावतीवर सही: ई. किवेला.
पासरीभर कमी भरलं तरी विनिपेगहून माणूस यायचा
आणि थेट मलाच विचारायचा.
माझी खुर्ची ठरलेली होती. मी सापडायचो.

टीव्ही कंपनीत कोणी सापडत नाही.
एक दाबा, मग चार दाबा,
मग पियानो.
तोच पियानो, तिसऱ्या मिनिटाला अडखळतो,
जणू वाजवणाऱ्यालाही कोणीतरी ताटकळत ठेवलंय.

मागणं मोठं नाही माझं.
सत्तावन्न नंबरचा चॅनेल, रविवारी अकराला
अर्धा तास फिनिश भाषेत:
कोण वारलं, चर्चच्या तळघरात कॉफी कधी,
शेवटी एक स्तोत्र.
ऑक्टोबरपासून तिथे निळा पडदा आहे.
हिल्का त्या निळ्यासमोर बसते,
केस विंचरून, चांगला स्वेटर घालून.
झटका आला तेव्हा तिचं इंग्रजी गेलं,
साठ वर्षांचं इंग्रजी, एका रात्रीत,
एप्रिलमध्ये धक्क्याजवळचा बर्फ जातो तसं.
उरली ती आईची भाषा.
मला येते ती. पण एकट्या माझ्या तोंडून
किती ऐकेल बिचारी?

पहिला म्हणाला, डबा बंद करून चालू करा.
केला.
दुसरी म्हणाली, वायर काढून लावा.
सोफा सरकवला, मागे विणकामाची हरवलेली सुई सापडली,
एवढाच काय तो फायदा.
तिसरा म्हणाला, तंत्रज्ञ येईल, आठ ते पाच.
उणे अठ्ठावीसमध्ये
दारापर्यंतची वाट फावड्याने दोनदा मोकळी केली.
आठ वाजले. पाच वाजले.
सहाला निरोप: आपण घरी नव्हता.
घरी नव्हतो!
दोन वर्षं झाली, मी दुसरीकडे असतो कुठे?

बिल मात्र चोख.
न मागितलेला बास्केटबॉलचा संच, चौदा डॉलर.
आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, ठीक,
पण इथे गहूही माझाच, दळायलाही मीच.
"तक्रार क्रमांक लिहून घ्या." अकरा आकडी.
भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखा दिसेनाशा झाल्यात.

आज, विसाव्या वेळी, एक मुलगी.
मिरेय आर्सेनो, मॉंक्टनहून.
ओरडलो तिच्यावर. ओरडायचं ठरवूनच बसलो होतो.
ती गप्प. तिच्या मागे शंभर आवाजांची घरघर,
शंभर डबे बंद होताहेत, चालू होताहेत.
मग हळूच, टेबलाखाली वाकल्यासारखी:
"मिस्टर किवेला, डबा ठीक आहे तुमचा.
चॅनेलच बंद केलाय, सप्टेंबरअखेर.
आम्हाला सांगायची मुभा नाही.
चौदा डॉलर काढलेत. तेवढंच माझ्या हातात आहे."

चार महिने थरथरणारा काटा
एकदाचा थांबला.
वजन वाईटच होतं, पण खरं होतं.
काय बोलावं सुचेना. तिकडे हवा कशी आहे, विचारलं.
ओली आहे, म्हणाली.

फोन ठेवणार, तेवढ्यात पुन्हा तो गुळगुळीत आवाज:
"आमच्या सेवेला एक ते पाच गुण द्या."
शून्याची सोय नाही.
कंपनीला मी एकसुद्धा देणार नाही.
पण हे गुण कोणाच्या नावावर चढतात ते मला ठाऊक आहे.
पावतीवर सही कंपनीची नसते,
काट्यापाशी बसलेल्याची असते.

एकतीस वर्षांत कधी दांडी मारली नाही,
ना मापात, ना कामावर.
आज अंगठा टेकवला.
पाच.

आतून हिल्का विचारते, तिच्या भाषेत,
सुरू झालं का?
मी डबा बंद करतो.
चालू करत नाही.