मधला आवाज

तिबिलिसीहून बस आली तेव्हा
पोरं उतरली ती पोटं धरून.
एंगुरीकाठच्या वळणांनी सगळ्यांना पिळून काढलेलं.
सव्वीस जणं. एकाच्या गळ्यात पांदुरी,
एकीच्या पायांत पांढरेशुभ्र बूट, आमच्या शेणाच्या गल्लीत.
मी म्हटलं, आठवडाभर कणीक मळायचीय मला,
गाण्याचं तुमचं तुम्ही बघा.

गाण्याचं बघायला बेकनू. माझा दीर.
ऐंशीचा झाला, पण खळ्यात उभा राहिला की
मागचा दगडी बुरूजच त्याला टेकलाय असं वाटतं.
तो सांगतो: आवाज तीन.
खालचा म्हणजे जमीन, त्याने हलायचं नाही.
वरचा म्हणजे ससाणा, त्याला कुणी शिकवू नये.
आणि मधला
इथे तो खोकतो.

मधला चिचिकोचा होता.
चिचिको, म्हणजे माझा नवरा. चार हिवाळ्यांपूर्वी
लाकडं आणायला गेला, आणि बर्फाने त्याला ठेवून घेतलं.

पोरं शब्दांचा अर्थ विचारतात.
अर्थ कुणालाच ठाऊक नाही, बेकनूच्या आज्यालाही नव्हता.
कुणी म्हणतं चंद्राचं गाणं,
कुणी म्हणतं हरवलेल्या बैलाचं.
पांढऱ्या बुटांची तेकले वहीत लिहून घेते:
हरवलेला बैल.

मंगळवारी फेर धरला. खांद्यांवर हात,
डावा पाय आधी, असं शंभरदा सांगूनही उजवा.
शेजारची नानूली भिंतीवर बसून
सूर्यफुलाच्या बिया फोडत शेरे मारते:
हे नाचणं नव्हे, हा चिखल तुडवणं आहे.

बेकनू मधला आवाज शोधत राहिला.
वरचा गाऊन पाहिला, मग खालचा,
मग दोघांच्या मध्ये चाचपडला,
दिवे गेल्यावर काडेपेटी चाचपावी तसा.
हाती लागलं ते त्याच्या जवळपासचं काहीतरी.
पोरांनी तेच पाठ केलं.

स्वयंपाकघराची खिडकी खळ्यावर उघडते.
चाळीस वर्षं तो आवाज मी पाठीमागून ऐकला.
हात पिठात नि कान गाण्यात, असं नव्हे हो,
कानही पिठातच.
मुद्दाम कधी ऐकलाच नाही,
गाईचं रवंथ कोण मुद्दाम ऐकतं?
आमच्यात हे गाणं बायका म्हणत नाहीत.
मनाई कुणी केली नाही.
कुणी विचारलंही नाही.

गुरुवारी कुबदारीत खिमा भरत होते.
तिसऱ्या वळणावर पोरं वर चढली
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
"खाली! तिथे तो खाली उतरायचा!"

खळं गप्प.
"किती खाली?" बेकनूने विचारलं,
माझ्याकडे न बघता.
किती, ते सांगता येईना.
हाताने दाखवलं, पीठ सांडलं.
मग गाऊनच दाखवलं.
एवढंसं. चार श्वासांचं.
आवाज माझा घोगरा, उतरण त्याची.
तव्यावरच्या दोन कुबदाऱ्या जळल्या.
नानूलीची बी दातांतच राहिली.

शनिवारी गावापुढे पोरं गायली. बरी गायली.
तेकले मध्ये होती. दोनदा चुकली,
आणि त्या उतरणीवर घोगरी झाली.
मुद्दाम, की नदीत डुंबून घसा बसला होता,
देव जाणे.

रविवारी बस गेली. बूट आता पांढरे नव्हते.
संध्याकाळी बेकनू येऊन पायरीवर बसला.
गवत कापायचं राहिलंय म्हणाला.
पाऊस येईलसं वाटत नाही म्हणाला.
आणि मग, काही न सांगता,
वरचा सूर लावला.
एक ओळ. थांबला.

माझ्यापुढे सव्वीस ताटं.
मी नळ बंद केला.