उद्यमबागेतला प्रश्न

फौंड्रीत डबा द्यायला आलेल्या मुलाने विचारलं,
चीनकडं लोखंड होतं, कोळसा होता, कागदसुद्धा;
मग इंजिन विलायतेतच कसं सुटलं?

परसू देसूरकर साच्यातली वाळू ठोकत राहिला.
मग म्हणाला,
त्यांच्या खाणीत पाणी भरायचं, बघ.
उपसायला माणूस महाग, कोळसा पायाशी.
चीनचा कोळसा पार लांबच्या डोंगरात,
आणि हात?
हात म्हणशील तर वारूळ.

पलीकडं पत्र्याच्या शेडखाली
वाळू ठोकायचं नवं यंत्र
दोन वर्षं ताडपत्रीतच आहे.
मालक म्हणतो, हप्ता परवडत नाही,
त्यापेक्षा सहा पोरं स्वस्त पडतात.

मुलाने शेडभर नजर फिरवली.
सहा भरले.
बापाला धरून.