चेनची थैली

कुंदाताई आल्या, बसल्या नाहीत,
मशीनच्या चाकावर हात ठेवून उभ्याच राहिल्या.
"एक थैली शिवून देशीन काय वं, वैनी?
लहानशी. चेन लागते त्याले."

किती लांब, विचारलं.
त्यांनी मधलं बोट उभं धरलं,
अंगठ्यानं मुळाशी खूण केली:
"एवढी वस्तू मावली पायजे.
अन् एक चपटी डब्बी. अन्...
बस."
वस्तू कोणती, ते मी विचारलं नाही.
शिवणाऱ्या बाईनं माप घ्यावं,
बाकीचं घेऊ नये.

चेन बाजारात मिळाली, बारा रुपयांची,
रंग दोनच होते, खाकी आणि चॉकलेटी.
फोम मूर्तिजापुरातही नव्हता.
म्हणून मधल्या थराला घरचाच कापूस,
सरकी काढून, बोटांनी पिंजून,
भाकरीपेक्षा पातळ थापलेला.
अस्तर यांच्या मोडक्या छत्रीचं.
ओल झिरपत नाही,
डाग दिसत नाही.

राहिलं वरचं कापड.
पेटीत ब्लाऊजपीस एकोणीस.
ओटीतले, वाणातले, कोणाच्या बारशातले.
एकही शिवण्याजोगा नाही,
एकही फेकवत नाही.
हे पीस शिवायला नसतातच मुळी,
दारोदार हिंडायला असतात,
घडीच्या रेघेवर कापड विरेपर्यंत.

त्यात हा निघाला. मोरपंखी, बारीक ठिपक्यांचा,
कोपऱ्यात निळ्या पेनाचा टिंब.
टिंब माझा.
एकीला तिचाच पीस परत जाऊ नये
म्हणून मी करते अशी खूण.
सहा वर्षांपूर्वी शेळकेबाईंच्या ओटीत घातला होता,
तिथून कारंज्याला, त्यांच्या लेकीच्या सासरी,
मग अंगणवाडीच्या मदतनीस बाईंकडे म्हणे,
आणि यंदाच्या संक्रांतीला
सरपंचीणबाईंच्या हातून माझ्याच पदरात.

हसूच आलं मला एकटीला.
मग बोटावर मोजत गेले घरं,
आणि एका बोटाशी अडले.
जवाई गेले त्याला नऊ वर्षं झाली.
कुंदाताई दोन गल्ल्या सोडून राहतात,
वाणाची ताटं त्यांच्या दारावरून
सरळ पुढे जातात.
मीही नेलंय.
पदराखाली झाकून, जरा भरभर चालत.

कात्री लावली.

चेन पहिल्यांदा उलटी बसली. उसवली.
कापूस सुईच्या दात्यात गुंतला, फुंकून काढला.
बॉबिन मध्येच संपली, ती नेहमीच मध्येच संपते.
लाइन गेली दुपारी, पण माझी मशीन पायाची,
तिला मंडळाशी देणंघेणं नाही.
कोपरे चिमटीत धरून आडवी टीप मारायची,
म्हणजे बूड बसतं,
थैली आपली आपण उभी राहते.
शेवटी आत हात घालून
अर्ध्या उघड्या चेनीतून सगळंच्या सगळं
सुलट ओढून काढायचं.
एवढा वेळ नुसतं अस्तर दिसत असतं, काळं,
आणि एकदम मोरपंखी बाहेर येतो,
जणू कोणी कधी घडीच घातली नव्हती.
टिंब शिवणीत गेला.
जाऊ दे. आता खुणेचं काम नाही.

संध्याकाळी त्यांनी चेन उघडली, लावली.
पुन्हा उघडली.
आत वाकून वास घेतला, छत्रीचा असणार.
"किती झाले?"
"चेनीचे बारा."
"अन् कापडाचे?"
"ते तुमच्याकडेच यायचं होतं.
वाटेत थांबलं होतं जरा."
त्यांनी दहाची नोट ठेवली, वर दोनचं नाणं,
आणि चाकाला उगाच एक फेरा देऊन गेल्या.

मंगळवारी फाट्यावर दिसल्या.
पंचायत समितीत मीटिंग होती त्यांची.
ओठांवर काही होतं,
की उन्हाचं होतं,
नीट बघणार तेवढ्यात एसटी आली
आणि धूळ बसेपर्यंत
त्या खिडकीशी जागा धरून
पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.