चौदा काचा

तुमचं तिसरं पत्र मिळालं.
आमच्या नोंदींनुसार, असं तुम्ही लिहिता,
श्री. कॉटम यांना विम्याची संपूर्ण माहिती दिली होती
आणि विमा ऐच्छिक होता.
ऐच्छिक.
चहा निवेपर्यंत मी त्या शब्दाकडे बघत बसले.

व्हॅनसाठी पाच हजार पौंड हवे होते.
तुमच्या टेबलापाशी आम्ही दोघं,
डेस्मंडने मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घातलेला,
हात तेवढे साबणाने भेगाळलेले, ते मांडीवर झाकून.
समोरची मुलगी पेनाचं टोक फिरवत गेली :
इथे सही, इथे, आणि इथे.
चौकटीत खूण आधीच होती,
छापलेली. शाईची नव्हे.
शाळेत बरोबर उत्तरापुढे करतात तशी.
प्रश्न काय होता, ते कुणी सांगितलंच नाही.

"हे नको असेल तर?" मी विचारलं होतं.
"मग वरचे लोक कर्जाला नाही म्हणू शकतात," ती म्हणाली,
आणि पेनाचं टोपण लावलं.
हे तुमच्या नोंदीत नसेल.
माझ्या आहे.

अकराशे चाळीस पौंड, तेही कर्जातच मिसळलेले,
म्हणजे विम्यावरही व्याज.
दुधात पाणी घालणारासुद्धा
पाण्याचं व्याज मागत नाही.

नोकरी गेली तर हप्ते आम्ही भरू, असा तो विमा.
डेस्मंडला नोकरी नव्हतीच कधी.
शिडी होती, दोन बादल्या होत्या,
आठवड्याला साठ घरं आणि काही दुकानं.
जी नाहीच ती जाणार कशी?

मग एका फेब्रुवारीत शिडी घसरली.
विमावाल्यांचं उत्तर आलं : पाठीचं दुखणं जुनं आहे, नियमात बसत नाही.
तो सहा आठवडे बैठकीच्या खोलीत जमिनीवर,
छताचे डाग मोजत.
हप्ते मी भरले,
ग्रिम्सबीच्या गोदीवर पहाटे चारपासून हॅडकचे काटे काढून.
तुमच्या रांगेत उभी राहिले की
पुढचा माणूस अर्धं पाऊल सरकायचा.

आता तुम्ही म्हणता,
श्री. कॉटम यांचा स्वतःचा धंदा होता हे
शाखेला माहीत असल्याचा पुरावा आढळत नाही.

म्हणून काल जिन्याखालचं कपाट उपसलं.
टायरची बिलं, मांजराच्या डॉक्टरची चिठ्ठी,
आणि त्याची पावतीपुस्तकं, निळ्या कार्बनची.
एकोणतीस प्रती सोबत जोडते आहे.
सगळ्यात वरची वाचा. कर्जावर सह्या झाल्या त्याच आठवड्यातली.
'चौदा काचा, बाहेरून. एक दार. अकरा पौंड रोख मिळाले.'
गिऱ्हाईक : तुम्ही.
खाली तुमच्या मॅनेजरची सही आणि शाखेचा शिक्का,
जरा तिरका.

दर मंगळवारी साडेआठला
तुम्ही आतून त्याला हात करायचात.
तो म्हणायचा, आतल्या माणसाला काच दिसलीच नाही
तर समजायचं काम चोख झालं.
काच दिसली नाही इथवर ठीक.
काचेपलीकडचा माणूसही?

आपली,
नोरीन कॉटम

*

लोकपालाकडे जायची वेळ आली नाही.
सात आठवड्यांनी चेक आला.
विम्याचे पैसे, व्याज, त्यावर आठ टक्के, वजा कर.
दिलगिरी एका ओळीत : 'झालेल्या गैरसमजाबद्दल'.
कुणाचा, ते नाही.
चेक खिडकीपाशी नेऊन पाहिला.
नाव : श्री. डेस्मंड कॉटम.

तो गेल्याचं मी तिन्ही पत्रांत लिहिलं होतं,
तारखेसकट.

पुन्हा कागद घेतला. पुन्हा तोच पत्ता.
चेक परत पाठवते आहे.
सोबत मृत्यूचा दाखला, चौथ्यांदा.
वाचून झाल्यावर बाजूला खूण करा,
या वेळी हाताने.