सतरा नंबर

मी थॅडियस पिंडर. फ्लोरिडात, लाँग की बेटावरच्या प्रयोगशाळेत
टाक्यांचं पाणी बदलतो, रात्रपाळीला.
आधी तीस वर्षं शेवंडं पकडून विकली,
आता त्यांची वही लिहितो.

शेवंडाला नाक नसतं.
डोळ्यांच्या मधोमध दोन आखूड मिशा,
टोकाला फाटे फुटलेल्या,
फाट्यावर केसांचा दाट झुबका.
झटका मारला की केस फाकतात, नवं पाणी शिरतं;
मिशी सावकाश परतते तसं ते आत अडकतं.
एक झटका म्हणजे एक हुंगणं.
समुद्राचा एक घोट, कापून घेतलेला,
मग पुढचा.

ओक्सनरबाई तीन बाटल्या ठेवून जातात:
टॉरिन, बीटेन, ग्लुटामेट.
शिंपल्याच्या मांसात तिन्ही असतात म्हणे,
कोळंबीच्याही.
एकेक सोडलं तर सतरा नंबर चालत येतो,
वाळू उडवत, भुकेला.
तिन्ही एकत्र सोडले की काळी फळी
पाण्यावरून सरकवायची. दहा दिवस हेच.
अकराव्या दिवशी फळी भिंतीला टेकवून ठेवली,
थेंब तेवढे सोडले:
शेपटी आपटून सतरा मागे, विटांच्या फटीत.
टॉरिन एकटं? आला.
बीटेन एकटं? आला.
दोन मिळून? थांबला. मिशा झटकत राहिला
(मोजलं मी, मिनिटाला नव्वद).

"ही बेरीज नाही," ओक्सनरबाई म्हणाल्या,
"एक वास दुसऱ्याचं तोंड दाबतो,
आणि तिघांत मिळून चौथाच कुणीतरी जन्मतो."

मी मान डोलावली.
गेल्या हिवाळ्यातल्या तापानं माझं नाक नेलं,
उन्हाळ्यात परत दिलं ते मोडकं.
कॉफीतली कॉफी गेली, उरलं जळकं रबर.
आर्डिथच्या मानेशी
ओल्या पुठ्ठ्याचा वास.
चाळीस वर्षांचा संसार, आणि मी तोंड फिरवलं.
ती काही बोलली नाही. साबण बदलला.
मग दुसरा. मग बिनवासाचा.
आता पलंगाच्या पार कडेला निजते.
"वाईट येत असेल तर सांग," एवढंच.
कसं सांगू, वाईट नाही गं,
अर्धवट आहे. तुझ्यात शंभरजण राहतात,
मला त्यातले तिघेच भेटतात,
आणि तिघेही अनोळखी.

ऑगस्टच्या अखेरीस सतरानं कात टाकली.
पहाटे टाकीत दोन शेवंडं:
एक पोकळ, डोळ्यांच्या काचांसकट,
एक मऊ, कोपऱ्यात, उघडं पडल्यासारखं.
पोकळाच्या मिशा उचलून दिव्यासमोर धरल्या.
केस न् केस शाबूत.
ज्यांनी भीती शिकली ते सगळे
इथे, माझ्या चिमटीत.
मग तो आता कशानं ओळखणार?

नऊ दिवस त्यानं काही खाल्लं नाही.
दहाव्या रात्री, तीन वाजता, बाईंना न विचारता
तिन्ही बाटल्यांतून एकेक थेंब घेतला.
पंप घुरघुरत होता.
झटका. झटका. नव्या मिशा, कोरे केस.
मग शेपटी,
आणि विटांच्या फटीत अंधार.

वहीत लिहिलं: १७, मिश्रण, माघार.
फळीचा रकाना कोरा.
थर्मास उघडला. रबर.
पुन्हा हुंगलं, तोंड मिटून, तुटक तुटक,
हवेचा एक घोट, मग पुढचा.
रबर. रबर.
रबराच्या मागे काहीतरी होतं.
त्याला नाव द्यायला गेलो तर पळालं.

घरी पोचलो तेव्हा आर्डिथ दारातच, चपला घालत होती.
"थांब जरा," म्हटलं. "हलू नकोस."
"आता काय?"
"काही नाही. मोजतोय."