काटा

एकतीस हिवाळे मी या धक्क्यावर मासळी तोलली.
लोफोतेनच्या पार टोकाला, जिथे जानेवारीत सूर्य
कामचुकार गड्यासारखा दुपारी तोंड दाखवून परत जातो,
होड्या यायच्या कॉडने काठोकाठ भरून
आणि मी, आयलर्ट, कंपनीचा तोलारी,
हातमोजे काढून तराजूपाशी उभा.

वीस किलोच्या वजनाच्या बुडाला एक भोक होतं,
बाटलीच्या बुचाएवढं.
त्यात एका रात्री मी शिसं ओतलं.
अर्धा किलो. जास्त नाही.
पाप करतानाही माणूस म्हणतोच, जास्त नाही.

मापात पाप, त्याचा आवाज होत नाही.
काटा मध्यावर येऊन थांबतो
शहाण्या मुलासारखा,
समोरचा गारठल्या बोटांनी वहीत सही करतो,
आणि वरची मासळी माझ्या नावानं
लाकडी मांडवांवर वाळत राहते एप्रिलपर्यंत.

रविवारी मी तिसऱ्या बाकावर असे.
खर्जातला आवाज बरा होता माझा.

कंपनी बुडाली. तराजू भंगारात गेला.
ते वजन मात्र मी घरी आणलं,
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून उंबऱ्यापाशी ठेवलं.
रात्री उठलो की अंगठ्याला लागायचं.

शेवटी हिशेब मांडला. जुन्या वह्या, नवा चष्मा.
एकट्या नील्सच्या होडीचे निघाले
तीन हजार एकशे दहा किलो.
वही घेऊन गेलो आमच्या पाद्रीकडे.
सिनोव्हे, माझ्या लेकीहून लहान,
तिच्याकडे त्या दिवशी बाळाला ताप होता
आणि चुलीवर काहीतरी करपत होतं.
सगळं ऐकून ती म्हणाली,
देवाला सांगितलंत, बरं केलंत.
बोर्गहिल्डला सांगितलंत?

नील्सला जाऊन नऊ वर्षं झाली होती.
बोर्गहिल्डनं पाकीट घेतलं, नोटा मोजल्या,
दोनदा मोजल्या, डब्यात ठेवल्या.
कॉफी ओतली. मग म्हणाली,
माशांच्या पोटात खडे सापडायचे, आठवतं?

आठवत होतं. कॉड अधाशी जात, तळाचं काहीही गिळते,
असं मी कापणाऱ्या पोरांना सांगायचो.

नील्स घालायचा, ती म्हणाली,
बोटानं घशाखाली ढकलायचा. मी वेचून आणायचे खडे,
ओहोटीला, गोल गोल बघून.
आणि हसली. इतकी हसली की दात काढून हातात घ्यावे लागले.

परतताना वाटेत वजाबाकी करून पाहिली.
तिचे खडे, माझं शिसं.
आकडे जुळेनात.
कोण कोणाचं किती लागतं ते
बर्फात उभं राहून कळत नव्हतं,
आणि खरं सांगू, माझं शिसं तिच्या खड्यांपेक्षा जड आहे
हे जाणून थोडा रागही आला.

रविवारी वेदीपाशी गुडघे टेकले.
शेजारून कोपर लागलं:
सरक जरा, मलाही जागा दे.
बोर्गहिल्ड. तिच्या शालीला कांद्याचा वास.
वर भिंतीवर तो, लाकडी,
कपाळावरचे काटे कुणा नवशिक्यानं कोरलेले,
एक तुटून खिळ्यानं परत ठोकलेला.

सिनोव्हेचा हात थरथरत होता, जागरणानं असेल.
तिनं माझ्या तळव्यावर भाकरी ठेवली,
कागदासारखी पातळ, नाण्याएवढी,
आणि माझा हात सवयीनं
तोलू लागला.
तळवा थोडा वर, थोडा खाली.
आयुष्यभराचा हात तो, त्याला दुसरं येतं काय?

वजन लागेना.
खाली काही धरून ठेवलेलं नाही, वर काही मागितलेलं नाही.
तुझ्यासाठी, ती म्हणाली,
आणि पुढे बोर्गहिल्डकडे सरकली,
तिलाही तेवढंच.

वजन अजून उंबऱ्यापाशीच आहे.
शिसं काढायचं राहूनच गेलं.
काल वारा फार होता.
दार रात्रभर उघडं राहिलं.