मूळ देश

आमच्या गाडीत इंजिन पलंगाखाली असतं.
मागचं दार उघडायचं, गादी गुंडाळायची,
फळी उचलली की खाली ते.
म्हणजे एकतीस वर्षं कुझमा आणि मी
त्याच्याच उबेवर झोपलो
आणि एकदाही त्याचं तोंड नीट पाहिलं नाही.

जूनमध्ये चढावर त्यानं मान टाकली.
आधी धूर, मग एक ठोका,
मग फक्त नाकतोड्यांचा आवाज.
ग्रँड फोर्क्सच्या गॅरेजवाल्यानं हात पुसले.
"भंगारात द्या, लुकेरिया," म्हणाला,
बघत मात्र कुझमाकडे होता.

सीमेपलीकडे, कॉल्व्हिलला, डार्ल नावाचा एक माणूस
असली इंजिनं उघडतो, घासतो, पुन्हा बांधतो.
फोनवर मोजकं बोलतो.
"जुनं मला आणून द्यायचं," एवढंच दोनदा म्हणाला,
"तोवर तुमचे चारशे डॉलर माझ्याकडे."

ऑक्टोबरात गेलो, भाच्याचा ट्रक मागून घेऊन.
येताना मागे लाकडी पाळण्यात ते,
चारी बाजूंनी दोरखंड,
केटल नदीच्या कडेकडेनं.
दर दहा मैलांनी कुझमा उतरून गाठी चाचपायचा.
घट्ट आहेत रे, मी म्हणायचे.
तो तरी उतरायचाच.

नाक्याच्या खिडकीत मकॅस्किलांची धाकटी.
शाळेच्या बसमध्ये माझ्या पाठीमागच्या सीटवर बसायची,
वळण आलं की ओकायची.
तिच्यासाठी एक पिशवी मी स्टिअरिंगपाशी टांगून ठेवायचे.
आता छातीवर बिल्ला.
ओळख दाखवली नाही तिनं,
आणि बरोबरच होतं ते.

"वस्तू नवी की जुनी?"
नवी, कुझमा म्हणाला.
जुनी, मी म्हणाले.
एकाच दमात.
तिनं पेन खाली ठेवलं.

ब्लॉक जर्मनीत ओतलेला, चाळीसेक वर्षांमागे.
पिस्टन ब्राझीलचे, पावतीवर आहे तसं.
बेअरिंगं कुठली ते खोक्यावर होतं,
खोक्यात आता डार्लची मांजर झोपते.
आणि हे सगळं जुळवणारे हात पलीकडचे,
त्यांतल्या एकाला करंगळी नाही.

"मूळ देश," ती म्हणाली, "रकाना एकच आहे."

कुझमाच्या पणज्याला जहाजातून उतरल्यावर
असंच विचारलं होतं म्हणे, कुठला तू?
तो म्हणाला, देवाचा.
कारकुनानं लिहिलं, रशिया.
आडनावही त्याला जमेल तसं लिहिलं,
तेच आम्ही अजून वापरतो,
पत्रपेटीवर, बँकेत, थडग्यांवर.

हे मी तिला सांगितलं नाही.
मागे चार गाड्या होत्या.

तिनं काहीतरी लिहिलं. काय ते दिसलं नाही.
आम्ही कर भरला, शिक्का बसला,
मग ती बाहेर आली, माल पाहायला.
ताडपत्री वर करून तिनं इंजिनावर तळवा ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा,
आणि हाताचं वंगण गणवेशाच्या पँटला पुसलं.
"मिसेस चेर्नोव," ती म्हणाली,
"वळणांवर सावकाश."

गाडीत ते बसवायला तीन दिवस लागले.
चौथ्या दिवशी एका किल्लीत सुरू झालं.
पहिले आठशे किलोमीटर पळवायचं नाही म्हणतात,
चढावर रेटायचं नाही, नुसतं चालवत राहायचं.
म्हणून संध्याकाळी आम्ही गावातच फिरतो,
धान्याच्या कोठारापर्यंत, पुलापर्यंत, परत.
मग अंगणातच गादी पसरतो.
ऊब आहे. आवाज वेगळा.
कुझमाला फरक कळत नाही, किंवा तो सांगत नाही.

जुनं आता त्याच पाळण्यात आहे,
शेडच्या भिंतीला टेकून, ताडपत्रीखाली.
काल त्यावर बर्फ साचला होता.
सकाळी पाहिलं तर कुणीतरी झाडून टाकलेला.

सोमवारी पोचवून येऊ, कुझमा म्हणतो,
चारशे डॉलर काही कमी नाहीत.
नाहीतच, मी म्हणते.

तीन सोमवार झाले.